पंचांचा निर्णय आणि पेठेची इभ्रत

कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा हे फुटबॉल संघ तालमींचे आहेत. साहजिकच शाहू स्टेडियमवर नाकारलेली पेनल्टी पेठेच्या इभ्रतीचा प्रश्न बनते आणि प्रसंगी प्रेक्षकांची हुल्लडबाजी सुरू होते. नियमानुसार खेळातील घटनांबाबत पंचांचा निर्णय अंतिम असून, बाहेरून व्यत्यय आल्यास ते सामना रद्दही करू शकतात. २०१९ पासून प्रशिक्षकांनाही लाल कार्ड दाखवता येते. तरीही प्रशिक्षकांचा तोल जातोच. ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूत सुनील छेत्रीचा झटपट फ्री-किकवरील गोल पंचांनी ग्राह्य धरताच केरळ ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर नेला. कोचीत समर्थकांनी त्यांचे जंगी स्वागत केले. महासंघाने मात्र त्यांच्यावर १० सामन्यांची बंदी घातली आणि क्लबला ४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.