समुद्र नसलेल्या नंदुरबारमध्ये बेटं कुठून आली?

नंदुरबार जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांच्या उत्तर टोकाला काही टेकड्या चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या आहेत. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला होडी लागते. फोटोत हे दृश्य दूरच्या एखाद्या द्वीपसमूहासारखं दिसतं. प्रत्यक्षात ही बेटं म्हणजे बुडालेल्या डोंगररांगांचे माथे आहेत.

ही बेटं कशी तयार झाली?

सातपुडा आणि विंध्य यांच्यामधून वाहणारी नर्मदा महाराष्ट्राच्या उत्तर सीमेला लागून जाते. ती पुढे गुजरातमध्ये केवडियाजवळ सरदार सरोवर धरणाने अडवली आहे. धरणाची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते १९६१ साली झाली, नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा १९७९ मध्ये आला आणि बांधकामाला १९८०च्या दशकात वेग आला. १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचं लोकार्पण झालं. २०१९च्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं.

भरलेला जलाशय २१४ किलोमीटर लांब पसरतो. महाराष्ट्रातल्या ३३ गावांना त्याचा फटका बसला. त्यातली ९ गावं अक्कलकुव्यातली आणि २४ अक्राणीतली. काठावरची शेतं आणि घरं पाण्याखाली गेली. दऱ्यांमध्ये पाणी शिरलं आणि उंच टेकड्या तेवढ्या वर राहिल्या.

बेटांचा आकार का बदलतो?

समुद्रातल्या बेटाचा किनारा सहसा जागचा हलत नाही. इथे तो धरणाच्या पाण्याबरोबर सरकतो. जलाशयाची किमान पातळी ११०.६४ मीटर ठरवलेली आहे. म्हणजे वरच्या आणि खालच्या पातळीत २८ मीटरचा फरक पडू शकतो, साधारण नऊ मजली इमारतीएवढा. पावसाळा संपताना बेट असलेली टेकडी उन्हाळ्यात पुन्हा जमिनीला जोडली जाऊ शकते. पण पाणी ओसरल्यावर मागे गाळाचा पट्टा राहतो. तिथे धड होडी चालत नाही, धड पायी जाता येत नाही.

कोणते वन्यजीव दिसतात?

पाण्यावर पाणकावळे, बगळे, धीवर आणि घारी सहज दिसतात. मणिबेलीच्या पलीकडे गुजरातचं शूलपाणेश्वर अभयारण्य आहे. १९८२ मध्ये ते डुमखल इथलं अस्वलांसाठीचं अभयारण्य म्हणून सुरू झालं. पुढे त्याचा विस्तार सुमारे ६०७ चौरस किलोमीटरपर्यंत झाला. अस्वल, बिबट्या, चौशिंगा आणि उडती खार हे तिथले प्राणी. ज्या शूलपाणेश्वर मंदिरावरून त्याला नाव मिळालं, ते मणिबेलीजवळचं जुनं मंदिर जलाशयात बुडालं. नवं मंदिर गोरा इथे बांधण्यात आलं.

पाण्याखालचं जगही बदललं. महसीर हा वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा. साचलेल्या पाण्यात कटला, रोहू यांसारख्या माशांना जास्त वाव मिळतो. नदीकाठच्या शेतीवर जगणाऱ्या अनेक कुटुंबांसाठी आता जलाशयातली मासेमारी हे उपजीविकेचं साधन झालं आहे.

अशा बेटांवर प्राणी टिकतात का?

गालापागोससारखी बेटं लाखो वर्षं वेगळी राहिली, म्हणून तिथे नव्या प्रजाती घडल्या. धरणातल्या बेटांवर मात्र बहुधा उलट घडतं. मोठ्या जंगलाचा एक तुकडा अचानक सुटा पडतो. तिथे अन्न कमी, जागा कमी आणि जोडीदार पाण्यापलीकडे.

थायलंडमध्ये १९८०च्या दशकात धरण बांधून चिऊ लार्न हा जलाशय तयार झाला. सुमारे २५ वर्षांनी शास्त्रज्ञांनी तिथल्या बेटांची पुन्हा पाहणी केली. तेव्हा मूळचे छोटे सस्तन प्राणी जवळजवळ नाहीसे झाले होते आणि बाहेरून आलेल्या एका उंदराच्या जातीने जागा व्यापली होती. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणूनच जलाशयातलं हिरवं बेट म्हणजे सुरक्षित जंगल, असं धरून चालता येत नाही.

बेटांवर आणि काठावर कोण राहतं?

इथली वस्ती भिल्ल, पावरा, तडवी अशा आदिवासी समाजांची आहे. बऱ्याच कुटुंबांचं पुनर्वसन इतरत्र झालं, तर काही कुटुंबं मूळ गावातच वरच्या उतारांवर राहिली. मणिबेली हे महाराष्ट्रात बुडिताला सर्वांत आधी सामोरं गेलेलं गाव. नर्मदा बचाओ आंदोलनाचं ते मोठं केंद्र होतं. राज्याच्या विधानसभा यादीत अक्कलकुवा हा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ आहे आणि मणिबेली हे त्यातलं पहिलं मतदान केंद्र.

रस्ता नसल्याने इथे बऱ्याच सोयी पाण्यावरून येतात. रुग्णांसाठी तरंगता दवाखाना आणि बोट ॲम्ब्युलन्स वापरल्या जातात. चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे आंदोलनाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा सुरू केल्या. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने लोक अंगणवाडीत यायचे थांबले, तेव्हा चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेने स्वतः होडी वल्हवत बालकांपर्यंत आणि गरोदर महिलांपर्यंत आहार पोचवला.

पाहायला जायचं असेल तर?

नंदुरबार हे सुरत–भुसावळ मार्गावरचं रेल्वे स्थानक आहे. तिथून अक्कलकुवा–मोलगी किंवा धडगावकडून सातपुड्यात उतरता येतं. पावसाळ्यानंतर पाणी भरलेलं असतं आणि डोंगर हिरवे असतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरक्षेची. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या दिवशी धडगाव तालुक्यातल्या भूषा इथे नर्मदेत होडी उलटून काही जणांचा मृत्यू झाला. त्यामुळे लाइफ जॅकेटशिवाय, क्षमतेपेक्षा जास्त माणसं असलेल्या होडीत किंवा वारा सुटलेला असताना पाण्यात जाऊ नये. आजारी माणसासाठी ठेवलेली बोट सहलीसाठी मागू नये. पाड्यावर जायचं तर आधी गावकऱ्यांना विचारावं आणि त्यांच्या परवानगीशिवाय घरांचे, माणसांचे फोटो काढू नयेत. पाहुण्यांसाठी ही एका दिवसाची होडीची फेरी असते. इथल्या माणसांसाठी मात्र दवाखान्यात आणि बाजारात जायची तीच रोजची वाट आहे.