मीमकॉइन : ‘गमतीचं नाणं’ हे नाव आजही लागू पडतं का?

१८ जुलै २०२४ रोजी मुंबईस्थित ‘वझीरएक्स’ या क्रिप्टो एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे १,९०० कोटी रुपयांहून अधिक किमतीची आभासी मालमत्ता चोरीला गेली. चोरीच्या यादीत सर्वांत मोठा आकडा बिटकॉइनचा नव्हता आणि इथरचाही नव्हता. तो होता ‘शिबा इनू’ या, कुत्र्याच्या जातीवरून नाव घेतलेल्या नाण्याचा. एकट्या शिबा इनूचे सुमारे १० कोटी डॉलर गेले. यादीत ‘पेपे’ हे बेडकाच्या चित्रावरचं नाणंही होतं. ही दोन्ही ‘मीमकॉइन’ म्हणजे थट्टेतून जन्मलेली नाणी समजली जातात. पण इतक्या लोकांचा इतका पैसा अडकल्यावर त्यांना गंमत म्हणायचं का?

मीमकॉइन म्हणजे नेमकं काय?

इंटरनेटवर गाजलेलं एखादं चित्र, विनोद, प्राणी किंवा व्यक्ती यांच्या नावानं काढलेली क्रिप्टोकरन्सी म्हणजे मीमकॉइन. ‘मीम’ हा शब्द जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये वापरात आणला. माणसाकडून माणसाकडे नकलेतून पसरणारी कल्पना, असा त्याचा मूळ अर्थ. मीमकॉइनचा भावही तसाच पसरतो. त्याच्यामागे कारखाना, सोनं किंवा सरकारची हमी नसते. लोकांचं लक्ष जितकं, तितकी मागणी.

सुरुवात खरंच गमतीतून झाली होती का?

हो. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतला बिली मार्कस आणि ऑस्ट्रेलियातला जॅक्सन पामर या दोघांनी क्रिप्टोच्या वेडाची टर उडवण्यासाठी ‘डोजकॉइन’ काढलं. त्यावर जपानमधल्या काबोसू नावाच्या कुत्रीचा चेहरा होता. दर वर्षी सुमारे ५०० कोटी नवी डोजकॉइन तयार होतात. त्यामुळे बिटकॉइनसारखी टंचाई इथे कधीच येणार नव्हती आणि कुणाला श्रीमंत करण्याचं आश्वासनही नव्हतं. लोक एकमेकांना बक्षिशीसारखी ही नाणी द्यायचे. २०१४ मध्ये जमैकाच्या बॉबस्लेड संघाला हिवाळी ऑलिम्पिकला पाठवण्यासाठी याच नाण्यांतून वर्गणी गोळा झाली. मार्कसने २०१५ मध्ये आपली सगळी क्रिप्टो नाणी विकली. त्यातून एखादी जुनी होंडा सिव्हिक गाडी येईल इतकेच पैसे मिळाले, असं त्यानेच नंतर सांगितलं आहे.

मग बदललं कधी?

२०२१ मध्ये. इलॉन मस्क यांच्या ट्विटनी डोजकॉइन उसळलं आणि मे महिन्यात ते ७० सेंटच्या वर गेलं. त्याच महिन्यात शिबा इनूचा भारताशी थेट संबंध आला. हे नाणं काढणाऱ्या अनामिकाने एकूण पुरवठ्यापैकी निम्मी नाणी इथेरियमचे सहसंस्थापक विटालिक बुटेरिन यांच्या वॉलेटमध्ये न मागताच टाकली होती. बुटेरिन यांनी त्यातली ५० लाख कोटी नाणी भारतातल्या कोविड मदतनिधीला देऊन टाकली. हा निधी ‘पॉलिगॉन’चे सहसंस्थापक संदीप नेलवाल यांनी उभारला होता. त्या दिवशीच्या भावाने देणगीची किंमत सुमारे १०० कोटी डॉलर होत होती. पण देणगीची बातमी फुटताच भाव कोसळला. कागदावरची किंमत आणि विकून हातात येणारी रक्कम यांत किती अंतर असतं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. तरीही त्या पैशांतून खऱ्या रुग्णांसाठी खरी मदत उभी राहिली. गंमत तिथेच संपली होती.

आज एकाच नावाखाली काय काय येतं?

किमान तीन वेगळ्या गोष्टी.

पहिली, जुनी आणि रुळलेली नाणी. डोजकॉइनची स्वतःची ब्लॉकचेन आहे आणि दहा वर्षांहून अधिक काळ ती चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत डोजकॉइनवर आधारित ईटीएफसुद्धा शेअर बाजारात आला.

दुसरी, नामवंतांची नाणी. डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाचं नाणं १७ जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्या तीन दिवस आधी बाजारात आलं. दोन दिवसांत त्याचा भाव ७० डॉलरवर गेला, पण वर्ष संपताना तो १० डॉलरच्याही खाली होता. एकूण पुरवठ्यापैकी ८० टक्के नाणी ट्रम्प यांच्याशी संबंधित कंपन्यांकडे राखीव होती. मे महिन्यात सर्वाधिक नाणी बाळगणाऱ्या २२० जणांना ट्रम्प यांच्यासोबत जेवणाचं आमंत्रण मिळालं. हा विनोद नव्हता. सत्तेच्या जवळ जाण्याचं ते तिकीट होतं.

तिसरी, काही मिनिटांत काढलेली आणि तितक्याच वेळात बुडणारी नाणी. २०२४ पासून ‘पंप डॉट फन’सारख्या संकेतस्थळांवर कुणीही नाव आणि चित्र टाकून नाणं काढू शकतो. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘स्क्विड गेम’ या वेबमालिकेच्या नावावर एक नाणं आलं होतं. मालिकेशी त्याचा काही संबंध नव्हता. भाव २,८०० डॉलरच्या पुढे गेला आणि काही मिनिटांत शून्यावर आला. खरेदी करता येत होती, पण सामान्य खरेदीदारांना विक्रीच करता येत नव्हती. याला मीमकॉइन म्हणणं म्हणजे दरोड्याला खोडी म्हणण्यासारखं आहे.

भारताचा कायदा गंमत ओळखतो का?

नाही. प्राप्तिकर कायद्यात बिटकॉइन असो की कुत्र्याचं नाणं, सगळं ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ याच खात्यात जमा होतं. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि त्यावर उपकर वेगळा. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या व्यवहारांवर १ टक्का टीडीएसही कापला जातो.

समजा, शिरपूरमधल्या एखाद्या तरुणाला मोबाइलवरच्या ॲपवर एका मीमकॉइनमध्ये १०,००० रुपये नफा झाला आणि दुसऱ्यात १०,००० रुपये तोटा. त्याच्या हाती शून्य उरलं. पण एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. म्हणजे कमाई काहीच नसताना ३,००० रुपये कर आणि १२० रुपये उपकर भरावा लागेल.

अमेरिकेत मात्र या नावाला कायदेशीर वजन आलं आहे. तिथल्या शेअर बाजार नियामकाच्या एका विभागाने २७ फेब्रुवारी २०२५ रोजी स्पष्ट केलं की, मीमकॉइन हे रोखे नाहीत, ते हौशीने जमवायच्या वस्तूंसारखे आहेत. त्यामुळे गुंतवणूकदारांना रोख्यांच्या कायद्यांचं संरक्षण त्यात मिळत नाही. नियम चुकवण्यासाठी नुसतं ‘मीमकॉइन’ असं लेबल लावलं तर सूट मिळणार नाही, हेही त्यांनी बजावलं. म्हणजे हे नाव विकणाऱ्याच्या सोयीचं ठरू शकतं, याची जाणीव नियामकालाही आहे.

मग हे नाव टाकून द्यायचं का?

नाण्याचा जन्म कसा झाला, हे सांगायला ‘मीमकॉइन’ हा शब्द आजही चालतो. जोखीम किती, हे सांगायला तो निकामी आहे. उलट ‘गंमतच आहे, थोडेच टाकू’ असं वाटून खरेदीदार बेसावध होतो, आणि भाव बुडाला की ‘आम्ही तर गंमत म्हणालो होतो’ असं म्हणायला विकणारा मोकळा.

जळगावच्या सराफाकडे सोनं घेताना कुणी दागिन्याच्या नावावर जात नाही, कस आणि हॉलमार्क पाहतो. इथेही तीन गोष्टी पाहता येतात. एकूण पुरवठ्यापैकी किती नाणी मोजक्या वॉलेटमध्ये आहेत? बऱ्याच नाण्यांबाबत ही माहिती ब्लॉकचेनवर सर्वांना खुली असते. नाणं विकता येतं का? थोडं घेऊन, लगेच विकून पाहिलं की कळतं. आणि ते ठेवलं आहे कुठे? एक्स्चेंजची भारताच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे म्हणजे एफआययूकडे नोंदणी आहे का, हे तपासावं. अर्थात नोंदणी म्हणजे पैशांची हमी नव्हे.

वझीरएक्सच्या ग्राहकांना हा शेवटचा प्रश्न सर्वांत महाग पडला. चोरीनंतर व्यवहार थांबले आणि सिंगापूरच्या न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. तोटा सगळ्या ग्राहकांमध्ये वाटला गेला. ज्यांनी कधीच कुत्र्याचं किंवा बेडकाचं नाणं घेतलं नव्हतं, त्यांच्या वाट्यालाही तो आला.