बाकाचा माथा

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएट रशिया यांच्यात करार झाला आणि त्यातून दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले.

आपला सुतार परंपरेने जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करीत आला. त्याला उभे केले ते रेल्वेच्या व कारखान्यांच्या कर्मशाळांतील बाकाने. हाच बाक घरच्या मोटारखान्यात बांधू गेल्यास पहिला प्रश्न पडतो तो माथ्याचा.

पोलादनगरीत माथाही पोलादाचाच हवा, असे वाटणे साहजिक आहे. परंतु पोलादावर पटाशी निसटली की तिची धार जाते. लाकूड मात्र स्वतः घाव सोसून हत्यार राखते. छत्तीसगडच्या अरण्यातील सालवृक्षाचे लाकूड वजनदार व कणखर. रेल्वेच्या रुळांखाली तेच अंथरले गेले. पण वाळताना ते तडकते, पिळते. साग त्याहून हलका, तरी ऋतू पालटले म्हणून तो आकार सोडीत नाही. यास्तव पाय सालाचे, माथा सागाचा. कानस व हातोडी चालावयाची तेवढ्याच जागी पोलादी पत्रा. पोलाद घडविणाऱ्या गावातही हत्याराला विसावा लाकडाचाच लागतो.