दादरचे दोन 'एक नंबर' आणि एक्सएमएलचं नेमस्पेस

डिसेंबर 2023 पर्यंत दादरला 'एक नंबर' फलाट दोन होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्य रेल्वेचा. पुलावर कुणी "एक नंबर कुठंय?" विचारलं की रोजचा माणूस उलट विचारायचा, "वेस्टर्न की सेंट्रल?" बॅगा घेऊन लांबच्या गाडीला निघालेला नवखा तिथेच गोंधळायचा.

जीआयपीची गाडी 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला धावली. बीबी अँड सीआय ही वेगळी कंपनी मुंबईत नंतर आली. 1951 मध्ये मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या, तरी कारभार दोनच राहिले आणि फलाटांची मोजणीही दोन. आपापल्या हद्दीत दोघींचंही बरोबर होतं. घोळ व्हायचा तो पुलावर.

एक्सएमएलचं असंच झालं. फेब्रुवारी 1998 मध्ये ते आलं ते 'हवी ती नावं ठेवा' म्हणत. आता एका यंत्राच्या फायलीत 'सॅम्पल' म्हणजे बाटलीतला नमुना, दुसऱ्याच्या फायलीत 'सॅम्पल' म्हणजे सिग्नलचं एक रीडिंग. दोन्ही एकाच दस्तऐवजात आणायचे तर? 14 जानेवारी 1999 ला नेमस्पेसचा नियम आला: नावामागे मालकाचा पत्ता, म्हणजे युआरआय, लावा. तो उघडून काही दिसायलाच हवं असं नाही. तो फक्त ओळखीपुरता. प्रीफिक्स हे त्याचं टोपणनाव.

दादरने दुसरा मार्ग घेतला. 9 डिसेंबर 2023 पासून पश्चिमचे 1 ते 7 तसेच राहिले आणि मध्यचा 1 झाला 8, 3 झाला 9, असं करत 14 पर्यंत. (मध्यचा 2 रुंदीकरणात आधीच गेला होता.) दोन्ही रेल्वे एकाच सरकारच्या, म्हणून हे जमलं. जगभरच्या फायलींना नव्याने नंबर कोण देणार?

कोड लिहिताना जो त्रास होतो त्याचं मूळ मला या तारखांत दिसतं. डॉमची पहिली पातळी ऑक्टोबर 1998 ची, म्हणजे नेमस्पेसच्या आधीची. तिच्या 'क्रिएटएलिमेंट'ला फक्त नाव कळतं. युआरआय घेणारं 'क्रिएटएलिमेंटएनएस' आलं नोव्हेंबर 2000 मध्ये. जुनं काढलं नाही, म्हणून दोन्ही शेजारी नांदतात.

एक्सएमएल दस्तऐवजात बापाला नेमस्पेस दिलं आणि पोर जुन्या फंक्शनने जन्माला घातलं, तर पोराला ते वारशाने मिळत नाही. लिहिताना लायब्ररी त्याच्यावर रिकामं 'एक्सएमएलएनएस' चिकटवते, किंवा काहीच चिकटवत नाही आणि फाइल दिसायला चोख दिसते. एरर येत नाही. नेमस्पेस धरून शोधलं की ती रीडिंग्ज सापडत नाहीत, आणि आलेखात बिंदू कमी पडल्याचं कुणाला कळतही नाही. माझ्या मते हे प्रोग्राम बंद पडण्यापेक्षा वाईट.

म्हणून प्रत्येक एलिमेंट बनवतानाच युआरआय द्यावा. मागाहून अक्षरं जोडून 'एक्सएमएलएनएस' घुसवू नये. अॅट्रिब्यूटचं वेगळं आहे: प्रीफिक्स नसलेल्या अॅट्रिब्यूटला डिफॉल्ट नेमस्पेस लागू होतच नाही. आणि पायथनचं एलिमेंटट्री फाइलभर 'एनएसझिरो' लिहितं, त्याला घाबरू नका. दिसायला ओबडधोबड आहे, पण मागचा युआरआय बरोबर असला की झालं.