अहिराची वाट आणि मुंबईचं पाणी

जव्हारचा इतिहास सांगायला बसलं की मुकण्यांच्या घराण्याला १३४३ साली दिल्लीकडून मिळालेला निमशहाचा किताब, शिवाजी महाराजांचा शिरपामाळचा मुक्काम आणि १९४८ मधलं संस्थानाचं विलीनीकरण एवढ्यावर विषय संपतो. वांगणीसारख्या जव्हार-मोखाड्याच्या गावांना तर तेवढेही शब्द मिळत नाहीत : डोंगर, नाचणी-वरई, वारली-कोकणा-महादेव कोळी वस्ती, धो धो पाऊस आणि तरीही उन्हाळ्यात हंड्यांची रांग. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंचीवरच्या या मुलखाचा समुद्राशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनात येत नाही. तो होता. अहीर नावाच्या माशाने तो राखला होता, आणि तो कसा तुटत गेला हे पाहायचं तर संस्थानी दप्तरापेक्षा मुंबईच्या पाणीपुरवठ्याची कहाणी जास्त उपयोगी पडते.

अहीर म्हणजे गोड्या पाण्यातला खरा ईल. पुष्कळदा त्याची वांबेशी गल्लत होते. वांबेच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते, तोंड सोंडेसारखं निमुळतं असतं, आणि तिचा सगळा जन्म नदीतच जातो. अहिराच्या पाठीवर काटा नाही. पाठीवरचा पर शेपटीला वळसा घालून पोटाखाली सलग येतो, अंगावर पिवळट-तपकिरी ठिपक्यांची नक्षी आणि कातडी इतकी बुळबुळीत की हाताला राख लावल्याशिवाय तो धरता येत नाही. हा मासा नदीत वाढतो, पण नदीत वीत नाही. वर्षानुवर्षं डोहात काढून पूर्ण वाढ झाली की त्याचे डोळे मोठे होतात, आतडं आक्रसतं, आणि पुराच्या पाण्याबरोबर तो समुद्राकडे निघतो. तिकडे खोल पाण्यात एकदाच वितो आणि मरतो. पिल्लं पानासारखी चपटी, पारदर्शक असतात. प्रवाहांबरोबर किनाऱ्याला लागेपर्यंत त्यांचे काचेच्या दोऱ्यासारखे ईल होतात आणि मग ती खाडीतून नदी चढू लागतात. चढणीच्या बाकीच्या माशांचं नेमकं उलट : ते अंडी घालायला वर येतात, आणि मृगाच्या पावसात भातखाचरांत शिरलेल्या त्या माशांवर वलगणीची, म्हणजे चढणीचे मासे धरण्याची, सगळी मौज उभी आहे. अहीर वर येतो तो फक्त मोठा व्हायला.

त्याला धरण्याची रीतही वेगळी. दिवसा तो कपारीत असतो, म्हणून गळ अंधाऱ्या रात्री, गढूळ पाण्यात, तळाशी लावायचा. आमिष गांडुळाचं किंवा लहान माशाचं, आणि दोरी जाड हवी. कारण गळाला लागलेला अहीर शेपटीने दगडाला विळखा घालतो आणि मग दोरी तरी तुटते, नाहीतर माणूस तरी कंटाळतो.

ईलबद्दल कधी काय कळलं आणि या मुलखाची समुद्राकडची वाट असलेल्या वैतरणेवर मुंबईच्या पाण्यासाठी धरणं कधी झाली, त्या तारखा आता पाहू. अ‍ॅरिस्टॉटलला वाटलं ईल चिखलातून उपजतात. १८७६ मध्ये तरुण फ्रॉइडने त्रिएस्तला चारेकशे ईल फाडले, तरी नराचा निर्णायक पुरावा काही त्याच्या हाती लागला नाही. पानासारखा तो समुद्री जीव म्हणजे ईलचंच पिल्लू, हे ग्रासी आणि कालांद्रुच्चो या इटालियन अभ्यासकांनी दाखवलं ते १८९६च्या सुमारास. वैतरणेची उपनदी तानसा हिच्यावरचं धरण त्याआधीच, १८९२ मध्ये, झालं होतं. ते बांधणाऱ्यांना दोष देता येत नाही. पण योहानेस श्मिट यांनी युरोपच्या ईलचा माग सारगासो समुद्रापर्यंत लावला तो १९२०च्या दशकात, आणि खुद्द वैतरणेवर मोडक सागर उभा राहिला १९५७ मध्ये. इथे अज्ञानाची सबब चालत नाही. पुढे १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा धरण झालं. दुसऱ्याची भिंत शंभर मीटरहून उंच. गंमत अशी, की खालून येणाऱ्या पिल्लापुरतं पाहिलं तर ही दोन्ही धरणं निरर्थक आहेत. दार १९५७ लाच लागलं होतं.

यावर पहिला आक्षेप असा, की ईलची पिल्लं ओल्या खडकावरून, अगदी उभ्या भिंतीवरूनही चढतात. खरं आहे, पण बोटभर लांबीची असेपर्यंतच, आणि भिंत सतत ओलसर असली तर. उन्हात तापणारी कोरडी भिंत किंवा सांडव्यावरून कोसळणारा लोंढा म्हणजे ओला खडक नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा : धरण होऊन गेल्यावरही वरच्या डोहांत अहीर मिळतच होते, मग वाट बंद झाली कशी? ईल नदीत वीस-वीस वर्षं काढू शकतो. धरणाच्या वर सापडलेला मोठा अहीर वाट उघडी असल्याचं सांगत नाही. ती कधीकाळी उघडी होती एवढंच सांगतो. पुरावा मागायचा तर लहान अहिरांचा मागायला हवा. तिसरं म्हणणं असं, की दोष लोकांचाच. रामेठा, कुंभ्याची साल, गेळफळं टाकून डोह मारले गेले. विष घालून मासे मारण्याला १८९७च्या कायद्यानेच बंदी घातली होती, म्हणजे प्रथा होती हे उघड आहे. पण मेलेला डोह पुढच्या पावसाळ्यात खालून पुन्हा भरू शकतो. खालून यायची सोय असली तर.

मुंबईने पाणी पिऊ नये असं कुणी म्हणणार नाही. जलाशयांमुळे मासे वाढले, हेही टनांच्या हिशेबात खोटं नाही. रोहू-कटल्याचं बीज सोडलं की उत्पादन दिसतं. मात्र ते जलाशयाचा ठेका घेणाऱ्याचं. ओढ्याकाठी गळ टाकणाऱ्याच्या ताटात ते येतंच असं नाही. मोखाडा-जव्हारातून येणारी पिंजाळ मोडक सागराच्या खाली वैतरणेला मिळते, म्हणून तिच्यावर अजून तशी भिंत आडवी नाही. मुंबईसाठी पिंजाळवर धरणाचा प्रस्ताव मात्र जुनाच आहे. युरोपात बंधाऱ्यांच्या कडेला ईलसाठी खरखरीत ब्रशांची उतरती पन्हळ बसवतात, तिच्यावरून पाण्याची बारीक धार सोडतात आणि पिल्लं त्यातून चढून जातात. उतरणाऱ्या मोठ्या ईलसाठी वेगळी वाट ठेवावी लागते, आणि उंच धरणाला हे सगळं अवघड जातं. म्हणूनच हा विचार नकाशा पक्का होण्याआधी करायचा असतो.