गावित खटला : फाशी ते जन्मठेप

कोल्हापुरात फाशीच्या शिक्षेचा विषय निघाला की गावित मायलेकींचे नाव आल्यावाचून राहत नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित यांनी 1990 ते 1996 या काळात पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणांहून लहान मुले पळवली. त्यामागे कारण होते पाकीटमारीचे. कडेवर मूल असलेल्या बाईची लोकांना कीव येते, हे त्यांनी हेरले होते. मूल अडचणीचे ठरले की त्याला संपवले जाई.

अंबाबाईच्या देवळातला प्रसंग आजही अंगावर काटा आणतो. चोरी करताना सीमा सापडली, लोक जमले. तेव्हा अंजनाबाईने जवळचे तान्हे पोर जमिनीवर आपटले. गर्दी त्या रक्तबंबाळ मुलाकडे धावली आणि चोरी बाजूला राहिली. पुढे त्या मुलाचा जीवही घेतला गेला.

1996 मध्ये नाशिकला धागा सापडला. अंजनाबाईला सोडून गेलेल्या नवऱ्याच्या दुसऱ्या संसारातली मुलगी नाहीशी झाली होती. तिच्या आईच्या तक्रारीवरून मायलेकी पकडल्या गेल्या. रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाई 1997 मध्ये कैदेतच वारली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने 2001 मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने 2004 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती कायम केली.

‘विरळातले विरळ’ प्रकरण असेल तरच फाशी, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये घालून दिली होती. तिला हा खटला उतरत नसेल तर कोणता उतरेल, असे फाशीचे समर्थक विचारतात, आणि त्यांचा संताप रास्त आहे. पण पुढे काय झाले? दयेचे अर्ज काही वर्षे रखडले आणि राष्ट्रपतींनी ते 2014 मध्ये फेटाळले. दयेचा अर्ज विनाकारण रखडला तर फाशी रद्द होऊ शकते, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जानेवारीत दिला होता. बहिणी उच्च न्यायालयात गेल्या. तिथेही सात वर्षे गेली. अखेर 18 जानेवारी 2022 रोजी सरकारी दिरंगाईवर ताशेरे ओढत न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. तातडीने सुटका मात्र दिली नाही.

म्हणजे मुलांचे आईबाप दोन दशके एका तारखेची वाट पाहत राहिले आणि दोन कैदी तितकीच वर्षे दोराच्या सावलीत. असा न्याय कोणाच्याच पदरात पडत नाही. मुळात सहा वर्षे गावोगावची मुले नाहीशी होत असताना या बायांच्या मागावर कोणी नव्हते, हे या खटल्यातले खरे अपयश आहे. त्यांना वेळीच पकडले असते तर कित्येक मुले आज तिशी-पस्तिशीत असती. मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवलीच पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघाला तो मे 2013 मध्ये.