कचारगड : गडाचे नाव आणि गोंडांचा वारसा

वरठी (जि. भंडारा) : मुंबई-हावडा लोहमार्गावरील वरठीच्या स्थानकाला रेल्वेच्या दप्तरात भंडारा रोड म्हणतात. याच मार्गाने पूर्वेकडे निघाल्यास तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव आणि सालेकसा मागे टाकून गाडी दरेकशाला पोहोचते. तेथील वनराजीत कचारगडचा डोंगर उभा आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हा परिसर भंडारा जिल्ह्यातच होता.

नावात 'गड' असला तरी तट-बुरूज शोधणाऱ्याची येथे निराशा होते. डोंगरात आहेत त्या नैसर्गिक गुहा. गोंड परंपरेत 'गड' म्हणजे केवळ किल्ला नव्हे. पूर्वजांचे, देवतांचे मूळ ठाणेही गडच असते. 'कोयली कचारगड लोहगड' असे या स्थळाचे पूर्ण नाव घेतले जाते. गोंडीत 'कच्ची' म्हणजे लोखंड. येथील लोहखनिजावरूनच डोंगराला हे नाव पडले, असे मानले जाते. 'कोया' या शब्दाचा गुहेशी आणि मातेच्या उदराशी असलेला संबंध गोंड अभ्यासक आवर्जून सांगतात. गोंडांचा धर्म 'कोया पुनेम' म्हणून ओळखला जातो, हे ध्यानात घेतले की या गुहेचे महत्त्व उमगते.

कथा अशी : कली कंकालीची मुले शंभूशेकाने या गुहेत कोंडली व तोंडाशी प्रचंड शिळा लावली. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला. हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी छेडली, तिच्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगी बळ संचारले आणि शिळा ढळली; पण ती अंगावर कोसळून हिरासुकाच गतप्राण झाला. मुक्त झालेल्या मुलांना लिंगोने सगा व गोत्रांची व्यवस्था दिली. आजही गोंड समाजात विवाहसंबंध जुळवताना देवसंख्या आणि गोत्र पाहिले जाते, त्याचे मूळ याच कथेत सांगितले जाते.

ही परंपरा प्रामुख्याने मौखिक राहिली. नागपूरचे गोंडी भाषा अभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी 'पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन' या ग्रंथात तिची मांडणी केली. १९८०च्या दशकात त्यांनी व सहकाऱ्यांनी कचारगडच्या यात्रेला संघटित रूप दिले. माघ पौर्णिमेच्या सुमारास धनेगावातून सप्तरंगी ध्वजांसह मिरवणूक निघते. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण व ओडिशातील भाविक 'जय सेवा'च्या घोषात डोंगर चढतात.

पर्यटनविषयक मजकुरात मात्र 'आशियातील सर्वांत मोठी गुहा' एवढ्यावरच बहुधा भर असतो आणि कंकालीचा उल्लेख सरसकट महाकाली असा होतो. गोंडांच्या दृष्टीने ती पूर्वज-माता आहे. नाव बदलले की कथाही बदलते. न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील तारानाकी पर्वताला कॅप्टन कुकने १७७० मध्ये एग्मॉन्ट हे नाव दिले होते. माओरींनी ठेवलेले मूळ नावच २०२५ मध्ये तेथील कायद्याने अधिकृत ठरवले आणि पर्वताला कायदेशीर व्यक्तित्वही बहाल केले. कचारगडचे नाव कोणी पुसलेले नाही, पण त्याचा अर्थ सांगणारी भाषा आक्रसत आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशात गोंडीभाषक सुमारे २९ लाख ८४ हजार होते. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गोंडीला अद्याप स्थान मिळालेले नाही.